आधी कॅन बघा, मग स्टोव्ह

पत्र: "मी आणि माझी नणंद, दोघी आपापल्या साडेतीनशे सीसीच्या गाड्यांवर फिरतो. दोन्ही गाड्या २०२१ नंतरच्या. दिवाळीनंतर दिवेआगर ते गुहागर असा किनाऱ्याकिनाऱ्यानं बेत आहे आणि पुढच्या जूनअखेरीस गाड्या रेल्वेनं चंडीगडला पाठवून तिथून स्पिती. वाटेत चहा, मॅगी आणि जमलंच तर खिचडी करता यावी, एवढीच हौस. पण घरात एक प्रश्न विचारला आणि उत्तरांची रांग लागली. सासऱ्यांनी माळ्यावरचा पितळी स्टोव्ह काढून घासूनपुसून ठेवलाय. भाऊजी म्हणतात पेट्रोलचा घे, टाकीत इंधन असतंच. ग्रुपमधला एक जण घरच्या सिलिंडरमधून छोटा कॅन भरायचं अ‍ॅडॉप्टर देतो म्हणतोय. आणि ऑनलाइन मुठीत मावणारा बर्नर हजाराच्या आत दिसतोय, तो मला आवडलाय. बजेट चार हजार. काय घेऊ? शिवाय एखाद्या रविवारी लोहगडावर नेऊन चहा केला तर चालेल का?" — एक रायडर, कर्वेनगर

स्टोव्ह कुठला, हा प्रश्न नंतरचा. त्यात जळणार काय आणि ते गुहागरात किंवा स्पितीतल्या काझात संपलं तर मिळणार कुठं, हे आधी ठरवायचं. तुमच्या घरातल्या सगळ्या सल्ल्यांना हीच कसोटी लावली की निम्मे आपोआप गळतात.

वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करू. सासऱ्यांचा स्टोव्ह मोडीत काढण्यासारखा मुळीच नाही. प्रायमसचं हे यंत्र १८९२ सालचं, स्वीडनच्या लिंडक्विस्टचं, आणि त्यात अजून फारसं सुधारण्यासारखं काही सापडलेलं नाही. पंपानं टाकीत दाब तयार होतो, रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निळी जळते. थंडी असो, उंची असो, पंप मारायची ताकद असली की झालं. पण रॉकेल कुठून आणणार? रेशनवरचं बंद झाल्यात जमा आहे. बरं, मिळवलंत, तरी काकडा भिजवा, पेटवा, नळी तापेपर्यंत थांबा, पिन मारा, आणि वायसर सुकला असेल तर पंप हवेतच हालतो. शिवाय गाडीवर तो आडवा झाला की झिरपतो, आणि रॉकेलचा वास एकदा कपड्यांच्या बॅगेत शिरला की परत घरी येईपर्यंत सोबत करतो. बाबांना सांगा, कोजागरीचं दूध गच्चीवर त्याच्यावरच आटवायचं, आणि पंप त्यांनीच मारायचा. मान राहील आणि दूधही छान होईल.

भाऊजींचा सल्ला ऐकायला सगळ्यात हुशार वाटतो. पेट्रोल पंप देशभर आहेत, काझातही आहे. पण "टाकीत असतंच" हे जुन्या गाड्यांचं गणित. कार्ब्युरेटरच्या गाडीला टाकीखाली कॉक असायचा, नळी काढली की बाटलीत पेट्रोल. तुमच्या गाड्या बीएस-६, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या. पंप टाकीच्या पोटात, बाहेर कॉक नाही. म्हणजे झाकण उघडून हातपंपाच्या नळीनं उपसायचं. तोंडानं ओढायचा विचारही नको. पेट्रोल फुप्फुसात गेलं तर थेट दवाखाना. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, तेही लक्षात घ्या. पेट्रोलचे चांगले स्टोव्ह बाहेरच्या देशांतल्या स्वच्छ इंधनासाठी बनवलेले असतात. गाडीचं पेट्रोल त्यात जळतं, नाही असं नाही, पण काजळी धरते, जेट म्हणजे इंधन बाहेर सोडणारं बारीक भोक तुंबतं, आणि पेटवताना सुरुवातीला हातभर पिवळी ज्वाळ उठते. ज्याला दर मुक्कामी स्टोव्ह खोलून साफ करण्यात आनंद आहे आणि जो महिनाभर लडाख-झांस्करमध्ये राहणार आहे, त्यानं जरूर घ्यावा. तुम्हाला चहा हवाय. आणि चांगल्या पेट्रोल स्टोव्हला तुमचं चार हजारांचं बजेट पुरणारही नाही.

ग्रुपमधल्या त्या मित्राला मात्र सरळ नाही म्हणा. घरगुती सिलिंडरमधून दुसऱ्या भांड्यात गॅस काढणं बेकायदा आहे, ही एक गोष्ट. पण पोलिसांपेक्षा इथं त्या पत्र्याला घाबरायचं. हे छोटे कॅन एकदाच वापरायचे म्हणून पातळ पत्र्याचे बनतात. घरच्या गॅसमध्ये ब्युटेनबरोबर प्रोपेन असतं, त्याचा दाब ब्युटेनपेक्षा बराच जास्त. शिवाय कारखान्यात भरताना कॅनमध्ये वर थोडी जागा मोकळी सोडतात, कारण ऊन लागलं की आतला द्रव फुगतो. अ‍ॅडॉप्टरनं भरताना किती भरलं हे कोण मोजतं? असा काठोकाठ भरलेला कॅन नोव्हेंबरच्या उन्हात, काळ्या सॅडलबॅगेत, तुमच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. नकोच. बाजारात वर बर्नर बसवलेले बिनशिक्क्याचे छोटे सिलिंडर मिळतात, त्यांनाही हेच उत्तर. तेल कंपन्यांचे रीतसर छोटे सिलिंडर असतात, इंडियन ऑइलचा पाच किलोचा 'छोटू' आणि दोन किलोचा 'मुन्ना'. ते बरोबर जीप असेल तर ठीक. दोन किलो गॅससाठी त्याहून जड लोखंड बाइकवर वाहण्यात अर्थ नाही.

राहिला कॅनचा गॅस. तुमच्यासाठी तोच. पण "गॅसवरचा पोर्टेबल स्टोव्ह" म्हणून जे काही दिसतं ते सगळं एकाच कॅनवर चालत नाही, आणि पहिल्यांदा घेणारे इथंच फसतात.

एक कॅन बुटका, घुमटाच्या आकाराचा, डोक्यावर आटे असलेला. ट्रेकिंगचे बहुतेक स्टोव्ह याच आट्यांवर बसतात, मग कंपनी कुठलीही असो. यात साधारण १००, २३० आणि ४५० ग्रॅम अशी मापं येतात. दुसरा कॅन उंच आणि बारीक, डासांच्या स्प्रेच्या डब्यासारखा, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचा. केटरिंगवाले लाइव्ह काउंटरला जी चौकोनी पेटीसारखी शेगडी लावतात, तिच्यात आडवा जातो तो हा. याला आटे नसतात, नुसती चोच असते. हा स्वस्त आणि शहरात सहज मिळणारा. तिसरा प्रकार टोचून बसवायचा. एकदा टोचला की रिकामा होईपर्यंत स्टोव्हवरून काढता येत नाही. बाइकवर तो घेऊच नका.

तुम्ही आट्यांचा स्टोव्ह घ्या आणि सोबत चोचीच्या कॅनला आटे देणारं छोटं पितळी अ‍ॅडॉप्टर घ्या. दोनतीनशे रुपयांचा प्रश्न आहे, पण मग दोन्ही कॅन चालतात. हे अ‍ॅडॉप्टर कॅनमधून कॅन भरायचं नव्हे, नुसतं जोडायचं. दुकानदाराला नीट सांगा, तो दोन्ही विकत असतो. चोचीचा कॅन आडवा ठेवून वापरताना त्याच्या गळ्यातली खाच वर आली पाहिजे. आतली वाकडी नळी त्या खाचेच्या दिशेनं असते. खाच वर असली की नळीचं तोंड वाफेत राहतं. खाच खाली गेली की द्रव गॅस सरळ बर्नरकडे येतो आणि ज्वाळ भुवयांपर्यंत जाते. एवढी एक खूण दोघींनी पाठ करून ठेवा.

आता तुम्हाला आवडलेला मुठीतला बर्नर. तो वाईट नाही. शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर वजन, कॅनच्या डोक्यावर फिरवून बसवला की तयार. पाठीवर ओझं वाहणाऱ्या ट्रेकरसाठी तो सोन्यासारखा. पण तुमचं ओझं गाडी वाहणार आहे. तीनशे ग्रॅम वाचवून तुम्हाला काय मिळणार? उलट त्याचा उभेपणा महागात पडतो. खाली कॅन, त्यावर बर्नर, त्यावर तीन बोटांएवढे पाय आणि सगळ्यात वर दीड लिटर रटरटणारी खिचडी. जमीन वाळूची. नणंदबाईंचा पाय लागला की जेवण संपलं. दुसरं, याच्या भोवती वाऱ्याला आडोसा लावता येत नाही. पत्र्याचा आडोसा गोल लावलात तर उष्णता आत कोंडते आणि कॅन तापतो. कॅनवर छापलेलं असतं, पन्नास अंशांच्या वर नेऊ नका. ती सूचना या स्टोव्हला सगळ्यात जास्त लागू.

म्हणून माझं मत नळीच्या स्टोव्हला. बर्नर जमिनीलगत, तीन किंवा चार पसरट पाय, आणि कॅन फूटभर लांब, नळीनं जोडलेला. घडी करून तळहाताएवढा होतो. आडोसा बिनधास्त लावा, कॅन बाहेरच राहतो. दुकानात हातात घेतल्यावर तीन ठिकाणी बघा. पायांवर तुमचं पातेलं ठेवून हलक्या हातानं ढकला. डगमगलं तर पुढचा दाखवा म्हणा. मग ठिणगी पाडणारा खटका नव्हे, आच कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हची चकती फिरवून बघा. ती बंदपासून पूर्णपर्यंत सावकाश फिरायला हवी. अर्ध्या वेढ्यात सगळं संपत असेल तर मंद आच मिळणार नाही आणि खिचडी मध्यभागी लागणार. शेवटी बघायचं ते तुमच्या स्पितीसाठी. काही स्टोव्हमध्ये गॅसची पितळी नळी बर्नरच्या कडेनं वर येऊन ज्वालेतून जाते आणि मग जेटला मिळते. ती असलेलाच घ्या. का ते सांगते.

ब्युटेनला वाफ व्हायला थोडी तरी ऊब लागते. समुद्रसपाटीला ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्याखाली ते डब्यात नुसतं पाण्यासारखं पडून राहतं. आयसोब्युटेन साधारण उणे बारापर्यंत साथ देतं, प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे अडचण जरा उशिरा येते. पण गॅस बाहेर पडताना कॅन स्वतःच गार होत जातो. पहाटे चंद्रताल तलावाजवळच्या कॅम्पमध्ये अर्धा भरलेला कॅन हातात गच्च लागतो आणि ज्वाळ मेणबत्तीसारखी होते, ती यामुळे. उपाय सोपे आहेत. कॅनच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचा आणि स्पितीसाठी आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा घ्या. रात्री कॅन झोपायच्या पिशवीत पायाशी ठेवा, अर्थात स्टोव्हपासून सोडवून आणि टोपण लावून. सकाळी ताटलीत कोमट पाणी ओतून त्यात कॅन उभा करा. कोमट म्हणजे हात घालवेल असं, उकळतं कधीच नाही. ती ज्वालेतून जाणारी नळी असेल तर आणखी एक करता येतं. स्टोव्ह दोनेक मिनिटं नीट जळू द्या, आच कमी करा आणि मग आट्यांचा कॅन सावकाश उलटा करा. आता द्रव गॅस नळीत येतो, ज्वालेतच त्याची वाफ होते आणि थंडीचं कारण उरत नाही. ही नळी नसलेल्या स्टोव्हवर हा प्रयोग चुकूनही नको.

स्पितीत खिचडीचं काय? पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. दर तीनशे मीटरला अंदाजे एक अंश कमी धरा. काझा सुमारे ३,७०० मीटरवर, म्हणजे तिथं उकळी ८८ला. पाणी खळखळत राहतं आणि डाळ तशीच कच्ची. मोठी आच करून फक्त गॅस जातो, तापमान वाढत नाही. तिथं कुकर हवाच, दीड-दोन लिटरचा छोटा चालेल, आणि तोही एका गाडीच्या बॅगेत मोज्यांनी भरून नेता येतो. नाहीतर बेत बदला. मूगडाळ आणि तांदूळ दुपारीच डब्यात भिजत घाला, किंवा सरळ पोहे आणि शेवया करा. दडपे पोह्यांना तर गॅसही लागत नाही, आणि कर्वेनगरच्या माणसाला कुठल्याही उंचीवर ते जमतात.

किती गॅस लागेल याचा अंदाज घरीच बांधता येतो. शांत हवेत एक लिटर पाणी उकळायला साधारण पंधरा ग्रॅम गॅस जातो. वाऱ्यात, झाकण न ठेवता, तो सहज दीडपट होतो. तुमचे दोन वेळचे चहा, एक मॅगी आणि एक खिचडी धरली तर दिवसाला पन्नास ग्रॅम पुरे. म्हणजे २३० ग्रॅमचा एक कॅन चार दिवस चालतो. कोकणासाठी एक आणि एक जादा. निघायच्या आधी नवा कॅन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन मार्करनं त्याच्यावरच लिहा. रिकामा कॅन किती भरतो तेही एकदा बघा. मग अर्धवट वापरलेल्या कॅनमध्ये किती उरलंय हे हलवून कानाशी लावून ओळखायची गरज नाही.

खरं सांगायचं तर कोकणात जेवायला स्टोव्ह लागत नाही. दिवेआगरपासून गुहागरपर्यंत घरगुती खाणावळी आहेत, सोलकढीसकट. पैसे वाचवायला स्टोव्ह नेत असाल तर हिशोब फसेल. पण पहाटे टपऱ्या उघडायच्या आधी, समोर समुद्र असताना स्वतःचा चहा, त्यासाठी जरूर न्या. दोन गोष्टी सांभाळा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा आडोसा लावा. आणि आडोशाच्या मोहानं सुरूच्या बनात शिरू नका. खाली वाळलेल्या काड्यांचा जाड थर असतो, तो कागदासारखा पेट घेतो. मोकळ्या वाळूवर, खाली स्टीलची जुनी परात पालथी घालून स्टोव्ह मांडा. परातीमुळे जेटमध्ये वाळूही जात नाही. तंबूच्या आत मात्र पाऊस असला तरी पेटवू नका. आग लागायची भीती आहेच, पण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना वास, ना रंग.

लोहगडावर चहा नको. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला आहे आणि अशा स्मारकात परवानगीच्या जागा सोडून स्वयंपाक करायला नियमानंच मनाई आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड, शिवनेरी, राजगड हे आपल्या जिल्ह्यातले तिन्ही आहेत, त्यामुळे पहाराही वाढणार. आणि नियम बाजूला ठेवला तरी जानेवारीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीनं अख्खा डोंगर काळा होतो. पायथ्याच्या गावात एखाद्या मावशींकडे चहा प्या. अंगणात जागा मागितलीत तर स्टोव्हही लावू देतील, वर स्वतःचा गवती चहाही आणून टाकतील.

गाडीवर भरताना कॅन सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूच्या बॅगेत, टोपण लावून, उभा. स्टोव्ह पातेल्यात, आणि तो जुन्या पंचात गुंडाळून. नुसता टाकलात तर दोनशे किलोमीटरच्या खडखडाटात खटक्याची चिनीमाती तडकते. तो खटका तसाही उंचीवर दगा देतो, म्हणून लायटर आणि पाण्यात न भिजणाऱ्या डबीत काडेपेटी, दोन्ही वेगवेगळ्या बॅगेत. प्रत्येक वेळी कॅन जोडताना आट्यांच्या आतलं काळं रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा, आणि पहिल्यांदा साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का तेही. पातेली तुळशीबागेतून घ्या, एकात एक बसणारी, झाकणासकट. ट्रेकिंगच्या नावानं मिळणाऱ्या सेटपेक्षा निम्म्या पैशांत होतात. परात आणि आडोशाचा पत्रा बोहरी आळीत मिळेल. बजेटमधून हजारभर रुपये उरायला हरकत नाही, ते कॅनला ठेवा. रिकामा कॅन जंगलात किंवा किनाऱ्यावर सोडू नका. परत आणा आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळा द्या, आत काय होतं ते सांगून.

स्पितीला जाताना कॅन पुण्यातून घेऊ नका. गाडी पार्सलला देताना टाकी रिकामी करायला लावतातच. त्याच गाडीच्या बॅगेत किंवा तुमच्या डब्यातल्या सामानात गॅसचा कॅन सापडला तर रेल्वे कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. विमानात तर ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनच्या. स्टोव्ह, पातेली, अ‍ॅडॉप्टर बरोबर न्या, कॅन मनालीत ट्रेकिंगच्या दुकानातून घ्या, आणि काझात मिळतील या भरवशावर न राहता तिथूनच पुरेसे घेऊन निघा. पैसे देण्याआधी प्रत्येक कॅन तुमच्या स्टोव्हला दुकानातच जोडून, एकदा पेटवून बघा.